गोळी पोटात जाते, अंगी किती लागते?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली. लोहाच्या, कॅल्शियमच्या किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्या महिनोन्‌महिने नियमित घेतल्या, त्यावर बराच खर्च केला, तरी रक्ततपासणीतला आकडा जागचा हलला नाही. अशा वेळी रुग्ण गोळी बदलतो आणि बहुधा आधीपेक्षा महाग गोळी घेतो. माझे मत असे आहे की गोळी बदलण्याआधी तिच्यात पोषकद्रव्य कोणत्या रूपात आहे आणि ती आपण केव्हा, कशाबरोबर घेतो, हे तपासावे. बऱ्याच जणांचे उत्तर तिथेच मिळते. पत्रे संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून पुढे दिली आहेत.

प्रश्न : माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. तिचे हिमोग्लोबिन ९.२ होते. उपकेंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्यांनी मळमळ होते, म्हणून आम्ही दुकानातून ‘पोटाला न लागणारी’ महाग गोळी आणली. ती रोज सकाळी नाश्ता आणि चहाबरोबर घेते. दीड महिन्यानंतर हिमोग्लोबिन ९.३ आहे. सरकारी गोळी हलक्या प्रतीची असते का? आता काय करावे? (एक वाचक भगिनी, जि. नाशिक)

उत्तर : सरकारी लाल गोळी हलक्या प्रतीची मुळीच नाही. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातील या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि ते प्रमाण गरोदर स्त्रियांसाठी विचारपूर्वक ठरवलेले आहे. तुमच्या सुनेची अडचण बहुधा दोन ठिकाणी आहे : नव्या गोळीतील लोहाचे रूप आणि चहा.

लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते, आणि आतड्याच्या पेशी ते ‘फेरस’ रूपातच आत घेतात. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ॲस्कॉर्बेट हे क्षार जठरातील आम्लात विरघळतात आणि योग्य जागी, योग्य रूपात पोहोचतात. मात्र लोह शोषले जाण्याआधी आतड्याच्या अस्तराला झोंबते, आणि मळमळ, पोटात कळ किंवा बद्धकोष्ठता होते ती त्यामुळेच. ‘पोटाला न लागणाऱ्या’ गोळ्या हा त्रास साधारणपणे दोन प्रकारे टाळतात. काही गोळ्यांवर जठरात न विरघळणारे आवरण असते किंवा त्यांतून लोह हळूहळू सुटते. अशी गोळी खुली होईपर्यंत लोह शोषून घेणारा भाग बराचसा मागे पडलेला असतो. काहींमध्ये ‘आयर्न पॉलिमाल्टोज’ असते, म्हणजे ‘फेरिक’ रूपातील लोह साखरेच्या लांब साखळीत गुंडाळलेले असते. ते सावकाश सुटते, त्यामुळे पोटाला त्रास कमी होतो, पण फेरस क्षारांच्या तुलनेत त्याचे शोषणही कमी पडते. पोटाला त्रास न होणे म्हणजे गोळी लागू पडणे, असे समजू नये. ज्यांना दुसरी कोणतीच गोळी सोसत नाही त्यांना पॉलिमाल्टोजचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण बाळंतपणाला चार महिने उरलेले असताना आणि हिमोग्लोबिन नऊवर असताना पहिली पसंती तिला देऊ नये.

हातातली स्ट्रिप उलटी करून पाहा. मोठ्या अक्षरातला आकडा अनेकदा क्षाराच्या वजनाचा असतो. त्याखाली ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणून दिलेला आकडा खऱ्या लोहाचा. ३०० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम लोह असते, तर तेवढ्याच वजनाच्या फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ३५. दोन गोळ्यांची तुलना करायची तर या दुसऱ्या आकड्यावरून करावी, आणि लोहाच्या नावाआधी ‘फेरस’ लिहिले आहे की ‘फेरिक’, तेही वाचावे.

आता चहा. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटवू शकतो. दूध, दही, कॅल्शियमची गोळी, भाकरी-पोळीच्या कोंड्यातील फायटेट हेही लोहाच्या आड येतात. लिंबूपाणी, आवळा, पेरू किंवा मोसंबी यांतील ‘क’ जीवनसत्त्व मात्र मदत करते. गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने, अर्धे लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी; पुष्कळ स्त्रियांना सकाळपेक्षा रात्री मळमळ कमी जाणवते. चहा गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास घेऊ नये. कॅल्शियमची गोळी चालू असेलच, तर ती दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावी, म्हणजे दोन्हींची गाठ पडणार नाही.

तुमच्यापैकी काहींनी ‘एक दिवसाआड गोळी घ्यावी’ असे वाचले असेल. त्यामागे खरे संशोधन आहे. लोहाचा एक मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि ते सुमारे चोवीस तास आतड्याचा दरवाजा अंशतः लावून घेते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. झुरिकमधील संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे तरुण स्त्रियांमध्ये दिसले. पण त्या स्त्रिया गरोदर नव्हत्या. गरोदरपणात सरकारी कार्यक्रम रोजची गोळी सांगतो, आणि रक्तक्षय असल्यास दिवसाला दोन. तेव्हा सुनेच्या बाबतीत हा प्रयोग घरच्या घरी करू नये.

योग्य गोळी योग्य रीतीने घेतल्यावर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढावे, अशी अपेक्षा असते. तसे न झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भेटावे. थॅलेसेमियाचा अंश किंवा जंत यांसारखे कारण शोधावे लागते, आणि दिवस कमी उरले असतील तर शिरेतून लोह देण्याचा मार्गही आहे. शौचाला काळे होणे हे न शोषलेल्या लोहाचे लक्षण असून त्याला घाबरू नये. घरात लहान मूल असेल तर मात्र या गोळ्या कुलपात ठेवा. लाल, गोड आवरणाची गोळी मुलाला चॉकलेटसारखी वाटते, आणि मूठभर लोहाच्या गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

प्रश्न : माझे वय ६८, निवृत्त शिक्षिका. पहाटे सहाला उपाशीपोटी मी थायरॉइडची गोळी, पित्ताची गोळी (पँटोप्रॅझोल) आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. तरी हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले, आणि टीएसएचही (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढला आहे. कॅल्शियम शिंपल्यापासून केलेले, ‘नैसर्गिक’ आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली शिस्त कौतुकास्पद आहे, पण या तीन गोळ्या एकत्र घेतल्याने एकमेकींच्या आड येत आहेत. शिंपल्यापासून केलेले कॅल्शियम रसायनदृष्ट्या कॅल्शियम कार्बोनेटच असते, त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शब्दाने शोषणात काही फरक पडत नाही. कार्बोनेट विरघळायला जठरात आम्ल लागते. आपण ते उपाशीपोटी, म्हणजे आम्ल कमी असताना घेता, आणि सोबतची पित्ताची गोळी उरलेले आम्लही थांबवते. १९८५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या जठरात आम्लच तयार होत नाही अशा रुग्णांना उपाशीपोटी दिलेले कार्बोनेट फारच थोडे शोषले गेले. तेच जेवणाबरोबर दिल्यावर शोषण सुधारले. म्हणून आपण कॅल्शियम जेवणाबरोबर घ्यावे, हा पहिला आणि फुकटचा उपाय.

दुसरा उपाय कॅल्शियम सायट्रेटचा. त्याला आम्लाची गरज नसते आणि ते जेवणाआधी किंवा नंतर केव्हाही चालते, त्यामुळे दीर्घकाळ पित्ताची गोळी घेणाऱ्यांना आणि जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना ते अधिक सोयीचे आहे. मात्र त्यात कॅल्शियमचे प्रमाण कमी असते. कार्बोनेटच्या वजनाच्या ४० टक्के खरे कॅल्शियम असते, सायट्रेटच्या २१ टक्के. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ असे लिहिलेल्या गोळीतून त्यामुळे सुमारे २१० मिलिग्रॅमच कॅल्शियम मिळते, आणि ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ या गोळीतून ५००. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतल्यास आतडे वाढीव भाग त्याच प्रमाणात शोषत नाही. डॉक्टरांनी दोन गोळ्या सांगितल्या असतील तर एक दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणात घ्या.

टीएसएच वाढण्याचे कारणही याच पहाटेच्या वेळापत्रकात असण्याची दाट शक्यता आहे. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या गोळीतील थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून टाकतात, त्यामुळे या गोळ्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. थायरॉइडची गोळी एकटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. हे बदल केल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्या, कारण शोषण सुधारल्यावर आधीचा डोस जास्तही होऊ शकतो. तपासणीपूर्वीच डोस वाढवून घेऊ नये.

पित्ताची गोळी आपल्याला कुणी, कशासाठी आणि किती काळासाठी दिली होती, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आपल्याकडे ती एकदा सुरू झाली की वर्षानुवर्षे चालू राहते, आणि तिचे मूळ कारण कुणालाच आठवत नाही. ही गोष्ट मला मनापासून खटकते. मात्र ॲस्पिरिन किंवा दुखण्यावरच्या गोळ्या चालू असतील तर ती जठराच्या संरक्षणासाठी असू शकते, म्हणून स्वतःहून बंद करू नका.

प्रश्न : वय ५२, शाकाहारी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू. पायांना मुंग्या येतात. बी-१२ कमी निघाले. मी जिभेखाली विरघळणारी मिथिलकोबालामिनची १५०० मायक्रोग्रॅमची गोळी आणली. मित्र म्हणतो, इंजेक्शनाशिवाय उपयोग नाही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असताना गोळीत १५०० कशाला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यात आहेत. बी-१२ शोषले जाण्याचे दोन मार्ग आहेत. जठरात तयार होणारे ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ हे प्रथिन बी-१२ ला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेते; हा मार्ग कार्यक्षम आहे, पण एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅममध्येच भरून जातो. दुसरा मार्ग म्हणजे कोणत्याही मदतीविना झिरपणे, आणि त्या मार्गाने डोसाच्या साधारण एक टक्काच आत जातो. १००० मायक्रोग्रॅमचा एक टक्का म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या कितीतरी अधिक. मोठा डोस असतो तो या झिरपण्याच्या भरवशावर. म्हणूनच इंट्रिन्सिक फॅक्टर तयार न होणाऱ्या रुग्णांनाही तोंडावाटे घेतलेला मोठा डोस लागू पडतो, पण एक-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ असलेल्या साध्या मल्टिव्हिटॅमिनचा त्यांना उपयोग होत नाही.

जिभेखाली ठेवल्याने शोषण वाढते असे वाटते, पण गिळलेल्या गोळीपेक्षा ते सरस असल्याचे दिसलेले नाही. मिथिलकोबालामिन आणि सायनोकोबालामिन यांच्या वादातही फारसा दम नाही. दोन्हींना जोडलेला ‘मिथिल’ किंवा ‘सायनो’ हा रासायनिक गट पेशीत गेल्यावर निघतो आणि शरीर त्यातून हवी ती दोन सक्रिय रूपे स्वतः तयार करते. सायनो रूप स्वस्त आणि टिकाऊ आहे. आपल्या बाजारात मिथिलचा बोलबाला अधिक, एवढेच.

मेटफॉर्मिन आतड्याच्या शेवटच्या टोकाशी होणाऱ्या शोषणात अडथळा आणते, आणि शाकाहारामुळे मुळातच बी-१२ कमी येते, म्हणजे आपल्या बाबतीत आवक आणि शोषण दोन्ही आखडलेले आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने अनेक वर्षे केलेल्या कामातून आपल्या भागात ही कमतरता किती सर्रास आहे, हे पुढे आलेले आहे. तेव्हा आपण एकटे नाही.

मित्राचे म्हणणे एका बाबतीत बरोबर आहे. पायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल किंवा विसरभोळेपणा वाढला असेल, तर मज्जातंतूंवर परिणाम झाल्याची शंका घ्यावी लागते आणि अशा वेळी साठा लवकर भरण्यासाठी सुरुवात इंजेक्शनांनी करणे योग्य. पुढे गोळीवर राहता येते. नुसते फॉलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्ताचे चित्र सुधारते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. मेटफॉर्मिन चांगले औषध आहे, ते बंद करण्याचे कारण नाही. वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावे.

प्रश्न : ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटे आठ आठवडे घ्यायला सांगितली आहेत. दुकानदार म्हणतो, पावडरीपेक्षा ‘नॅनो’ बाटली घ्या, जास्त शोषली जाते. पाकीट पाण्यातून घ्यावे की दुधातून? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ‘ड’ जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे आहे, म्हणून साय न काढलेल्या दुधातून आणि दिवसाच्या मोठ्या जेवणानंतर घ्यावे. ज्यांची स्निग्ध पदार्थ पचवण्याची शक्ती शाबूत आहे, त्यांना पावडर, कॅप्सूल किंवा बाटली यांपैकी काहीही पुरते. सूक्ष्म थेंबांच्या रूपातील औषधाचा खरा उपयोग स्वादुपिंडाचा जुना दाह, पित्तनलिकेतील अडथळा, सीलिॲक रोग किंवा वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना होतो, कारण त्यांच्या आतड्यात स्निग्ध पदार्थ नीट मिसळत नाहीत. त्यांच्यापैकी काहींना डॉक्टर कॅल्सिफेडिऑल देतात. ते यकृतात प्रक्रिया होऊन तयार होणाऱ्या रूपातच असते आणि तुलनेने सहज शोषले जाते. लठ्ठ व्यक्तींना डोस जास्त लागतो, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहते.

माझी खरी काळजी वेगळी आहे. ही पाकिटे आठवड्याला एक अशी घ्यायची असतात, आणि ‘रोज एक’ अशा गैरसमजाने महिनाभर घेतलेले रुग्ण आजही येतात. त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून खूप तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. घरातल्या कॅलेंडरवर दर रविवारी खूण करा, आणि आठ पाकिटे संपल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नववे आणू नका.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी काळी मिरी घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल घेतो. रक्त पातळ होण्याची गोळीही चालू आहे. चालेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : डॉक्टरांना दाखवेपर्यंत कॅप्सूल थांबवा. हळदीतील कर्क्युमिन एरवी फारच कमी शोषले जाते. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की त्याच्यासोबत मिरीतील पायपरीन दिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे वीसपट होते. पण पायपरीन हे साधते ते आतडे आणि यकृत यांची औषधे मोडण्याची यंत्रणा मंद करून, आणि ती यंत्रणा आपल्या इतर गोळ्यांसाठीही तीच आहे. अशा जादा शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या उत्पादनांमुळे यकृताला सूज आल्याची उदाहरणे अलीकडे अनेक देशांतून नोंदवली गेली आहेत. ही उत्पादने अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली पूरक आहार म्हणून विकली जातात आणि डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक असते. डबा फिरवून ते शोधा. आमटी-भाजीतील हळद आणि मिरी यांबद्दल मात्र मनात किंतू आणू नका.

प्रश्न : वडिलांना पक्षाघातानंतर नाकातून नळी घातली आहे. लोहाची, कॅल्शियमची आणि मल्टिव्हिटॅमिनची गोळी खलबत्त्यात कुटून देतो. ते बरोबर आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : सर्व गोळ्या कुटू नयेत. नावापुढे ‘एसआर’, ‘सीआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईसी’ अशी अक्षरे असतील तर त्या गोळीचे आवरण हाच तिच्या रचनेचा गाभा असतो. ती कुटल्यास बारा तासांत सुटायचे औषध एकदम सुटते किंवा जठरातच नष्ट होते. लोहासाठी थेंब किंवा सिरप मागून घ्या. कॅल्शियमसाठी पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते, पण फसफसणाऱ्या गोळीत सोडियम बरेच असते, म्हणून रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास आधी विचारा. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी नळीत सोडू नका, आणि दूध किंवा डब्यातील पातळ आहार चालू असताना लोह देऊ नका. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा. प्रत्येक औषधाच्या आधी आणि नंतर साध्या पाण्याने नळी धुवा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना विचारून घ्या : नळीचे टोक जठरात आहे की पुढे लहान आतड्यात. ते बरेच पुढे असेल तर लोह शोषणारा भाग वगळला जातो, आणि मग तोंडावाटे द्यायचे लोह कोणत्याही रूपात दिले तरी पुरे पडत नाही. अशा वेळी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासून शिरेतून लोह देण्याचा निर्णय डॉक्टर घेतील.